ठमीच्या गुडघ्याची वही

"रात्री ११.४०. श्वास मिनिटाला ३८. पाणी दोन घोट. आडवी होत नाही. मला बघून शेपूट हलवली."

ठमीला ऑपरेशन करून घरी आणलं, त्या रात्रीची ही नोंद. रेघांची साधी वही, डावीकडे समास आणि समासात घड्याळातल्या वेळा. शेवटचं वाक्य लिहिताना मला हायसं वाटलं होतं, एवढं अजून आठवतंय. शेपूट हलतेय म्हणजे पोरगी ठीक आहे. आज तेच पान उघडलं की डोळा ३८ वर जाऊन थांबतो. निवांत पडलेलं, उकडत नसलेलं कुत्रं मिनिटाला तीसच्या आत श्वास घेतं. पंखा चालू होता, फरशी गार होती आणि ती उभी होती. झोपेने डोळे मिटत होते, पुढचे पाय हळूहळू सरकत होते, अंग टेकायची वेळ आली की दचकून पुन्हा उभी. तिने सगळं सांगितलं होतं. मी शेपटीकडे बघत बसले.

खरं तर तिचं सांगणं कितीतरी महिने आधी सुरू झालं होतं. बसताना डावा मागचा पाय अंगाखाली दुमडून न घेता ती बाजूला सोडून द्यायची. आम्हाला त्याचं कौतुक. आई म्हणायची, "बघ, कशी ऐसपैस बसलीय." झोपून उठली की पहिली चार पावलं आखडून टाकायची, मग नीट चालायची. सात वर्षांची, अंगात लॅब्रॅडॉरचं रक्त, वजन ३१ किलो. वय होतंय तिचं, असं आम्ही धरून चाललो. आणि एका सकाळी ती तीन पायांवर उभी राहिली. चौथा पाय वर उचललेला, नखांची टोकं तेवढी जमिनीला लागलेली.

डॉक्टरांनी तिला कुशीवर निजवलं. एका हातात मांडीचं हाड, दुसऱ्या हातात नडगी, आणि नडगी अलगद पुढे ढकलली. ती सरकली, टेबलाचा खण ओढावा तशी. माझ्या डोळ्यांदेखत. "लिगामेंट गेलंय," डॉक्टर म्हणाल्या. क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधून ठेवणारी दोरी. कुत्र्याचा गुडघा म्हटलं की लोकांना आधी वाटी सरकणंच आठवतं, पण ते दुखणं लहान चणीच्या कुत्र्यांत जास्त. मोठं कुत्रं मागच्या पायाने लंगडायला लागलं तर या दोरीचा संशय आधी घ्यायचा.

कुठे पडली का, उडी चुकली का, असं मी विचारत राहिले. माणसात हे लिगामेंट खेळताना एका झटक्यात तुटतं, म्हणून माझा तो प्रश्न. कुत्र्यांत बहुतेक वेळा ते महिनोन् महिने झिजत, धागा धागा सुटत जातं आणि एखाद्या अगदी साध्या पावलाला उरलेलं तुटतं. गुडघा पूर्ण दुमडला की ठमीला दुखत होतं, म्हणून ती पाय बाहेर टाकत होती. घरी येऊन मी मोबाइलमधले वर्षभराचे फोटो काढले. सणासुदीचा, पावसातला, आईच्या खुर्चीशेजारचा. एकेका फोटोत पाय बाहेर. त्या संध्याकाळी मला फार रडू आलं.

कुत्रं नुसतं उभं असलं तरी त्याचा गुडघा वाकलेलाच असतो. नडगीचा माथा मागे उतरता, साधारण २५ अंशांचा उतार. पायावर भार आला की मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू बघतं आणि लिगामेंट त्याला धरून ठेवतं. ते गेलं की पावलागणिक घसरण. बार्कले स्लोकम या अमेरिकन पशुशल्यचिकित्सकांनी १९९३ साली मांडलेलं टीपीएलओ हे ऑपरेशन तुटलेल्या दोरीला हातच लावत नाही. नडगीचा माथा गोलाकार करवतीने कापायचा, थोडा फिरवायचा, उतार जवळपास सपाट झाला की प्लेट आणि स्क्रूने पक्का करायचा. उतारच नाही तर दोरीची गरज नाही. ही कल्पना समजली तेव्हा मला ती अतिशय सुंदर वाटली आणि लगेच पोटात गोळा आला. कारण कल्पना कितीही सुंदर असली तरी हाड कापायचं होतं, आणि ते ठमीचं होतं.

ऑपरेशन ठरल्याचं कळल्यावर शेजारचे काका भेटायला आले. ठमी त्यांची लाडकी. जाताना दारात थांबून म्हणाले, "थोडं दुखू दे गं तिला. दुखलं की गप्प पडून राहील. फारच बरं वाटलं तर धावेल आणि ती प्लेट हलवून घेईल."

काकांच्या मनात मायेशिवाय काही नव्हतं. आणि ही समजूत त्यांच्या एकट्याची नाही. दुखणं जनावराला जागेवर ठेवतं, म्हणून ते पुरतं घालवू नये, असं एके काळी पशुवैद्यकातही मानलं जायचं. जनावरांचंच कशाला, तान्ह्या बाळांना आपल्यासारखं दुखत नाही अशा समजुतीने विसाव्या शतकात कितीतरी काळ पुरेशी भूल न देता त्यांच्यावर ऑपरेशनं झाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळावरही भुलीशिवाय शस्त्रक्रिया करणं योग्य नाही, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सने स्पष्ट सांगितलं ते १९८७ साली. मी तेव्हा शाळेत जात होते. इतकी अलीकडची गोष्ट आहे ही.

वेदना म्हणजे काय याची जगभर धरली जाणारी व्याख्या इंटरनॅशनल असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ पेन या संघटनेची आहे, १९७९ सालची. २०२० मध्ये ती सुधारली, तेव्हा तिला जोडलेल्या एका टिपेचा आशय असा की शब्दांनी सांगणं ही वेदना व्यक्त करण्याच्या अनेक रीतींपैकी एक रीत आहे आणि बोलता येत नाही एवढ्यावरून माणसाला किंवा प्राण्याला वेदना होत नसेल असं म्हणता येणार नाही. 'किंवा प्राण्याला.' हे दोन शब्द मी वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूने लिहून ठेवले.

पण ते नंतर. त्या पहिल्या रात्री वही जवळजवळ कोरी होती आणि मला काही कळत नव्हतं.

कळलं ते आईला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालं. दवाखान्यात नर्स दर काही तासांनी यायची आणि विचारायची, "आजी, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" आई म्हणायची सात, आणि सातासाठी जे द्यायचं ते औषध यायचं. पावणेबाराच्या सुमाराला आई भिंतीला धरून बाहेर आली, डोळ्यांवर चष्माही नव्हता. ठमीकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, हिचा ब्लॉक उतरलाय. माझाही पाय असाच मध्यरात्री जागा झाला होता. आधी नुसतं जड वाटतं, मग एकदम सगळं कळायला लागतं."

गुडघ्याच्या ऑपरेशनात एका औषधावर भागत नाही. जखमेपासून मेंदूपर्यंत जी वाट आहे तिच्यावर ठिकठिकाणी पहारे बसवावे लागतात. सुरी लागण्याआधीच मॉर्फिनच्या जातीचं इंजेक्शन, पायाकडे जाणाऱ्या नसांभोवती किंवा कण्याच्या पोकळीत बधिर करणारं औषध, जखमेतली सूज आवरणारं तिसरं, आणि नंतर घरी गोळ्या. एकेकाचा डोस कमी ठेवता येतो, कारण काम वाटून घेतलेलं असतं. यातला बधिर करणारा ब्लॉक काही तासांचाच पाहुणा. २०१६ साली एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेने, बुपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा एक प्रकार नेमका कुत्र्यांच्या याच ऑपरेशनसाठी मंजूर केला. चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरलेलं औषध, टाके घालताना जखमेच्या थरांत सोडलं की ७२ तासांपर्यंत झिरपत राहतं. ठमीचा ब्लॉक साधा होता. दुपारी दिलेला, रात्री उतरला.

माझा हात आईच्या औषधांच्या डब्याकडे गेला. हे लिहिताना आत्ताही हात थरथरतोय. आईचं दुखणं ज्या गोळीने थांबतं, ती अर्धी करून ठमीला दिली तर, इतका सरळ विचार. फ्रिजवर डॉक्टरांचा कागद लावलेला होता आणि त्यावर लाल शाईत होतं: माणसांची एकही पेनकिलर नाही. आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही आपल्या मनाने द्यायचं नाही. गॅबापेंटिनसारखं जे औषध कुत्र्यांनाही देतात, त्याच्याही माणसांसाठीच्या पातळ औषधात झायलिटॉल नावाचा गोडवा घातलेला असू शकतो, आणि झायलिटॉल कुत्र्यासाठी विष आहे. तो कागद डोळ्यांसमोर नसता तर मी काय केलं असतं, या विचाराने अजून झोप उडते. घरात कुत्रं असेल तर एवढं एक तरी करा, असा कागद आजच लिहून लावा.

डॉक्टरांना फोन लावला. झोपेतून उठल्या असाव्यात, पण आवाजात वैताग नव्हता. एकामागून एक विचारत गेल्या. आवाज काढतेय का? जखमेकडे वळून बघते, चाटू पाहते? उठून चार पावलं चालवा, कशी चालते? आता टाक्यांपासून दोन इंच लांब, अगदी हलकं दाबा, काय करते? एकंदर चेहरा कसा आहे, तुमच्याकडे लक्ष आहे का? अंग कसं धरलंय, सैल की आवळलेलं? मी दाबलं तेव्हा ठमीने मान झटकन वळवली, माझ्या मनगटाकडे बघितलं, आणि ओठ चाटले. पोट फळीसारखं कडक होतं. कान मागे. हे सगळं मी फोनवर सांगत होते आणि पलीकडे डॉक्टर आकडे मांडत होत्या. ही पद्धत ग्लासगो विद्यापीठात बांधली गेली, तिचं सुटसुटीत रूप २००७ सालचं. सहा प्रश्न, जास्तीत जास्त २४ गुण, आणि ६ किंवा त्याच्या वर गेलं की औषध वाढवण्याचा विचार करायचा. ठमीचे ९ भरले.

नऊ. आणि तिने तोंडातून हूं की चूं काढलं नव्हतं.

"पण शेपूट हलवत होती हो," मी म्हटलं. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला बघून हलवणारच. गुडघा दुखतो म्हणून तुम्ही तिला नकोशा होत नाही."

दोननंतर द्यायची गोळी त्यांनी लगेच द्यायला सांगितली आणि गुडघ्याला बर्फ लावायला लावला. बर्फ सुती कापडात गुंडाळून, पंधरा मिनिटांच्या वर नाही. भादरलेला पाय मी पहिल्यांदा नीट बघितला तो तेव्हा. इतकी वर्षं केसांखाली झाकलेली ती कातडी गुलाबी, पातळ, जवळजवळ बाळासारखी. तिच्यावर जांभळे डाग आणि मध्ये टाक्यांची सरळ रेघ. बर्फ टेकवला तेव्हा तिने आधी पाय आखडला, मग सोडला. आणखी थोड्या वेळाने हनुवटी माझ्या पावलावर ठेवली. पूर्ण वजनासकट. वहीत पुढची नोंद आहे: "१.३५. झोपली. श्वास २२."

याच्या उलटही घडतं, तेही सांगायला हवं. त्याच दिवशी संध्याकाळी भुलीतून बाहेर येताना ठमी दवाखान्यात गळा काढून विव्हळत होती, डोळे उघडे पण ओळख नाही. मी कासावीस झाले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे दुखणं नसावं, मॉर्फिनच्या जातीच्या औषधांनी कधी कधी कुत्र्याला असं भिरभिरल्यासारखं होतं. जखमेजवळ हात नेला तरी तिचं रडणं वाढत नव्हतं की कमी होत नव्हतं. थोड्या वेळात ते ओसरलं. म्हणजे रडत होती तेव्हा दुखत नव्हतं आणि दुखत होतं तेव्हा ती उभी राहून शेपूट हलवत होती. आवाजावर विसंबून राहण्याची माझी सवय त्या एका दिवसात सुटली.

दुसऱ्या दिवसापासून वहीत रकाने पडले. वेळ, औषध, श्वास, खाणं, शू, शी, पाय टेकला की नाही. शीचा रकाना बघून आई हसली, पण त्याला कारण होतं. सूज उतरवणाऱ्या गोळ्या, म्हणजे कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम वगैरे, हा घरच्या औषधांचा कणा. त्या सुरू करण्याआधी यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्या होत्या, आणि ठमीला खाजेसाठी स्टेरॉइड चालू नाही ना, हे डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं, कारण ही दोन औषधं एकत्र गेली तर आतड्यांना इजा होते. उलटी, जुलाब, खाण्यावरची वासना उडणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डांबरासारखी काळी शी, यातलं काहीही दिसलं की गोळी थांबवून फोन करायचा. पहिले दोन दिवस शी झालीच नाही आणि मी घाबरले. भूल आणि मॉर्फिनच्या औषधांनंतर तसं होतं. चौथ्या दिवशी आणखी एक भीती: गुडघ्याची सूज कमी झाली आणि खाली घोट्याशी फुग्यासारखं काहीतरी आलं. ती गुडघ्याचीच सूज होती, वजनाने खाली ओघळलेली. दोन-तीन दिवसांत ओसरली.

एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, ट्रॅमाडॉल नाही का दिलं, आमच्या कुत्र्याला दिलं होतं. मीही डॉक्टरांना विचारलं. माणसाच्या शरीरात ट्रॅमाडॉलपासून जो पदार्थ तयार होऊन दुखणं दबतं, तो कुत्र्याच्या शरीरात फारच कमी तयार होतो. कोपर आणि गुडघ्याच्या संधिवातावर झालेल्या एका चाचणीत, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ट्रॅमाडॉल आणि नुसती खोटी गोळी यांच्यात फरक दिसला नाही. कार्प्रोफेनने मात्र दिसला. गोळी दिल्याचं समाधान आपल्याला मिळतं आणि कुत्रं तसंच राहतं, हे मला फार लागलं.

आणि तरीही चूक माझ्याच हातून झाली. पाचव्या दिवशी ठमी छान होती. जेवली, ऊन खात पडली, काकांच्या आवाजाला कान टवकारले. संध्याकाळची गोळी हातात घेतली आणि वाटलं, कशाला उगाच, औषध जितकं कमी तितकं बरं, यकृतावर ताण नको. गोळी पुन्हा पाकिटात ठेवली. वहीत त्या रकान्यात मी आडवी रेघ मारली आहे. रात्री अडीचला जाग आली ती नखांच्या आवाजाने. ती खोलीतल्या खोलीत फिरत होती. बसायची, उठायची, फिरायची. मी मोजलं, वीस मिनिटांत नऊ वेळा उठली. जीभ बाहेर, लहालहा. श्वास ४४. बर्फाने थोडं निभावलं. पहाटेपर्यंत मी तिच्यापाशी जमिनीवर बसून होते आणि स्वतःला काय काय बोलत होते ते लिहीत नाही.

सकाळी डॉक्टर रागावल्या नाहीत. "ती छान होती ती गोळीमुळे छान होती," एवढंच म्हणाल्या. मग समजावून सांगितलं. दुखणं वर आलं की गोळी, असं चालत नाही. जखमेकडून संदेश येतच राहिले तर पाठीच्या कण्यातल्या पेशी जास्त जास्त हळव्या होत जातात. आधी ज्याने नुसतं टोचलं असतं त्याने कळ येते, आणि नुसत्या स्पर्शानेही दुखू लागतं. मग तेच औषध पुरत नाही. म्हणून पहिले दिवस घड्याळ लावून द्यायचं, कुत्रं हसत असलं तरी. चुकलेल्या डोसापायी दुप्पट मात्र कधीच द्यायची नाही. कमी करायची वेळ येते, पण ती डॉक्टरांनी ठरवायची, एकेक औषध, पायऱ्यापायऱ्यांनी. मी मोबाइलमध्ये सहाचा गजर लावला, सकाळ-संध्याकाळ. तो गजर वाजला की ठमी स्वतःच येऊन उभी राहायला लागली, कारण गोळी घासात लपवून मिळायची.

दहाव्या दिवशी स्वयंपाकघरात असताना मागून आवाज आला. तोवर फरशीवर तिच्या चालण्याचा आवाज तिनाचा असायचा, टक टक टक आणि मध्ये खळगा. त्या दिवशी खळग्याच्या जागी बारीकसं काहीतरी वाजलं. मी वळले नाही, वळले असते तर ती धावत आली असती. पाठमोरी उभी राहून ऐकत राहिले. टक टक टक, टिक. पुन्हा टिक. पाय टेकत होती.

तिसऱ्या आठवड्यात काकांची भीती खरी व्हायची वेळ आली. दुखणं आटोक्यात, टाके निघालेले, आणि ठमीला वाटायला लागलं की ती बरी झाली. दाराची घंटा वाजली की उसळी. हाड मात्र अजून जुळायचं होतं, त्याला आठ ते बारा आठवडे लागतात. मी डॉक्टरांना काकांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. "शांत ठेवायचं असेल तर शांत ठेवणारं औषध आहे ना," त्या म्हणाल्या आणि ट्रॅझोडोन सुरू केलं. मला आजवर न सुचलेली किती सरळ गोष्ट होती ती. धावू नये म्हणून दुखू द्यायचं, हा मार्गच नको. त्यासाठी औषध आहे, पट्टा आहे, लहान जागा आहे, सोबत आहे. शिवाय दुखणारं कुत्रं पाय टेकवत नाही, आणि टेकवला नाही तर मांडीचे स्नायू दिसता दिसता वाळतात, सांधा आखडतो. ठमीची डावी मांडी पहिल्या पंधरवड्यातच उजवीपेक्षा बारीक दिसायला लागली होती. पाच-पाच मिनिटांची पट्ट्यावरची चाल, पाय हातात धरून सावकाश दुमडणं आणि सरळ करणं, यातलं काहीही दुखत असताना तिने करू दिलं नसतं.

म्हणून आमची खोली बदलली. गुळगुळीत फरशीवर रबरी चटया, पलंगाभोवती खुर्च्यांचं कुंपण, उतरताना पोटाखालून टॉवेलची झोळी. आई दुपारी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची. दोघी एकाच वेळी गुडघ्याचे व्यायाम करायच्या, म्हणजे आई स्वतःचा करायची आणि मी ठमीचा. "हळू गं बाई, हळू," आई म्हणायची, ते कोणाला म्हणतेय ते कळायचं नाही. पाय दुमडताना ठमीचा श्वास अडला किंवा तिने ओठ चाटले की मी तिथेच थांबायचे. वहीत त्याचेही आकडे आहेत. आज किती दुमडला, कुठे थांबले. वजनही उतरवलं, ३१ चे २८. त्याला औषधाइतकंच महत्त्व आहे असं डॉक्टर म्हणाल्या होत्या आणि मला ते पटलं. रोज तीन किलोचं ओझं त्या सांध्यावरून उतरलं.

काकांनाही एक काम दिलं. घंटा न वाजवता दार ढकलून आत यायचं, आणि ठमी बसेपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही. त्यांनी ते अक्षरशः पाळलं. दारात भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे.

आठव्या आठवड्यात एक्स-रे झाला. पडद्यावर कापलेली रेघ धूसर झालेली, दोन्ही बाजूंनी नवं हाड भरत आलेलं, आणि त्यावर प्लेट पांढरी शुभ्र. गोळ्या त्याआधीच एकेक करून बंद झाल्या होत्या. आता फक्त एक लक्षात ठेवा, डॉक्टर म्हणाल्या. चांगली चालणारी अचानक लंगडायला लागली तर थांबायचं नाही, मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, फाटलेला असू शकतो किंवा प्लेटजवळ जंतुसंसर्ग. आणि दुसरा पाय. एका गुडघ्याचं लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्या कुत्र्यांचं दुसऱ्या गुडघ्याचंही पुढे जातं. दोरी दोन्हीकडे एकाच सुताची असते.

घरी आल्यावर तिला म्हटलं, "ठमे, बस." ती बसली. दोन्ही मागचे पाय अंगाखाली, दोन्ही गुडघे सारखे, पंजे समोर. चौकटीत बसवल्यासारखी. मी तिचा फोटो काढला आणि वर्षभराच्या त्या सगळ्या फोटोंच्या शेवटी ठेवला. आईला दाखवला. आई बराच वेळ मोबाइल हातात धरून होती.

त्याला आता अकरा महिने झाले. वही कपाटात वरच्या फळीवर गेली. ठमी जिना चढते, गवतात लोळते, थंडीत सकाळी डावा पाय जरा आखडतो तेवढाच. परवा संध्याकाळी काका आले. सवयीने दार हळूच ढकललं, भिंतीकडे तोंड केलं. ठमी त्यांच्यासमोर जाऊन बसली, शेपूट जमिनीवर आपटत. मी शेपटीखाली बघितलं. उजवा पाय दोन बोटं बाहेर होता. तिला उठवलं, पुन्हा बसवलं. पुन्हा तसाच.

वही खाली काढली. नवं पान, समासात वेळ. "संध्याकाळी ६.१५. बसली. उजवा पाय बाहेर. श्वास २४." आणि डॉक्टरांना फोन लावला.